ई१५ म्हणजे पंधरा मिनिटं नव्हेत, हे मशीनवर मराठीत लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर माझ्या घरातलं काय ते कापा, पण मशीन बंद पडल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही तो भाग तेवढा राहू द्या, कारण आता सोसायट्यांमध्ये घरोघरी डिशवॉशर आलेत, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामाला येणाऱ्या बायकांना गेटवरच थांबवलं तेव्हा तर कितीतरी जणांनी घेतले, आम्हीही तेव्हाच घेतला, आणि त्यातल्या बहुतेक घरांत मशीनवर एक अक्षर आणि दोन आकडे दिसले की सगळे हात वर करून फोन शोधायला लागतात.

आमच्याकडे गौरी जेवल्या त्या दिवशीची गोष्ट. घरात पंचवीस-तीस माणसं, दुपारच्या पंगतीची भांडी, मोदकपात्र, पुरणाची पातेली, सगळं ओट्यावर. डिशवॉशरची पावडर नेमकी संपलेली. भाच्याने मदत म्हणून सिंकवरचं भांडी घासायचं लिक्विड साबण त्या कप्प्यात ओतलं आणि मशीन लावून टाकलं. त्याचा हेतू चांगला होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की डिशवॉशरची पावडर मुद्दाम फेस न होणारी केलेली असते, आत फवारे इतक्या जोरात फिरतात की साध्या लिक्विडचा फेस डोंगरासारखा वाढतो. वीस मिनिटांनी दाराच्या खालून फेस बाहेर, मशीन थांबलेलं, आतून घूंऽऽ असा एकसारखा आवाज आणि समोर डिस्प्लेवर ई१५.

आमच्याकडे सहा वर्षं कामाला येणाऱ्या ताई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्यांना वाटलं १५ म्हणजे पंधरा मिनिटं राहिली. एरवी त्याच जागी राहिलेला वेळ दिसतो, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही. त्या पंधरा मिनिटं थांबल्या, मग आणखी पंधरा, मग मला येऊन म्हणाल्या, काकू, याची पंधरा मिनिटं संपतच नाहीयेत. तोवर अर्धा तास तो पंप चालूच होता. ताई सातवीपर्यंत शिकल्यात, मराठी पेपर रोज वाचतात, मशीनवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला मराठीत एक ओळ असती की हा आकडा दिसला तर आधी नळ बंद करा, तर त्यांनी पहिल्या मिनिटाला नळ बंद केला असता. या पत्रामागचं कारण हेच आहे.

मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं. जाडजूड, इंग्रजीत. मागे तक्ता आहे, त्यात काही कोडपुढे थोडंफार लिहिलंय, पण ई१५ पुढे एवढंच की नळ बंद करा आणि कस्टमर सर्व्हिसला फोन करा. का आला, आत काय झालंय, काही नाही. फोन लावला, सणाचे दिवस, तिसऱ्या दिवशी मुलगा आला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे एका कंपनीचं नाही असं ओळखीच्या चार घरांत विचारल्यावर कळलं. मुलगा सभ्य होता, खालची पट्टी काढून टॉर्च मारला आणि म्हणाला बेसमध्ये पाणी आहे, म्हणजे लीकेज आहे, खालची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, साडेआठ हजारच्या आसपास, आणि पार्ट यायला दहा-बारा दिवस. व्हिजिट चार्ज घेतला, पावती दिली, गेला. मी त्याला फेसाचं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं पण त्यावर काही बोलला नाही.

रात्री मुलीशी बोलणं झालं. ती जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, तिच्याकडेही डिशवॉशर आहे आणि तिच्याकडे हेच एकदा झालं होतं. ती म्हणाली, आई, काहीही बदलू नकोस, खाली फ्लोट असतो, पाणी काढलं की तो खाली बसेल. मग तिने व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या कोडचा अर्थ किती साधा आहे.

मशीनच्या तळाला एक उथळ ट्रे असतो, आपण भांडी लावतो त्या टबच्या खाली, बाहेरून न दिसणारा. कुठूनही गळती झाली की पाणी त्या ट्रेमध्ये साठतं. तिथे थर्माकोलचा एक तुकडा तरंगता ठेवलेला असतो, तोच तो फ्लोट, पाणी आलं की तो वर उचलला जातो आणि एक छोटा स्विच दाबतो. स्विच दाबला गेला की मशीन नवीन पाणी घेणं बंद करतं आणि आतलं पाणी बाहेर टाकणारा पंप सतत चालवत राहतं, घरभर पाणी होऊ नये म्हणून. घूंऽऽ आवाज त्याचा. पण तो पंप टबमधलं पाणी काढतो, ट्रेमधलं नाही, म्हणून तासभर चालला तरी कोड जात नाही. म्हणजे मशीन बिघडलेलं नव्हतंच, ते आपल्या घराची राखण करत होतं. आमच्याकडे फेस बाजूंनी ओसंडून त्या ट्रेमध्ये उतरला आणि तिथे त्याचं पाणी झालं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते केलं. आधी नळ बंद. मग भिंतीतला प्लग काढला, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतली भांडी आणि जाळ्या बाहेर काढल्या, टबच्या तळातलं फेसाळ पाणी मगने आणि जुन्या टॉवेलने उपसलं, ताईंनी मूठभर मीठ टाकलं त्याने उरलेला फेस पटकन बसला. मशीन पुढे ओढलं, मागच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना ते बघितलं, आणि माझ्या मिस्टरांनी आणि वॉचमनदादांनी मिळून ते हळूहळू मागच्या बाजूला कलतं केलं. हे एकट्याने अजिबात करू नये, मशीन चाळीस-पन्नास किलोचं असतं. खाली जुनी चादर आणि परात ठेवली होती. मागच्या कडेने पाणी यायला लागलं, साधारण दीड-दोन लिटर, साबणाचं. थोडा वेळ तसंच धरलं, सरळ केलं, खालची पट्टी काढून टेबलफॅन लावून दुपारपर्यंत सुकू दिलं. संध्याकाळी प्लग लावला. घूंऽऽ नाही, ई१५ नाही. पावडर न घालता रिकामंच एकदा फिरवलं, साबणाचा शेवटचा अंश गेला, आणि मशीन चालू. साडेआठ हजार वाचले याचा आनंद झालाच, पण त्याहून जास्त राग आला, कारण हे पुस्तकात पाच ओळींत मावलं असतं.

इथे एक सांगितलं पाहिजे. पाणी काढलं म्हणजे दर वेळी काम झालं असं नाही. पुन्हा दोन-चार दिवसांत तोच कोड आला तर खरंच कुठेतरी गळतंय, नळीचा क्लॅम्प सैल असेल, खालचं सील गेलं असेल, किंवा आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर झालं तसं उंदराने नळी कुरतडली असेल. तेव्हा मेकॅनिकच बोलवायचा. आणि काही लोक तो फ्लोटचा स्विच कायमचा बांधून टाकतात म्हणजे कोडच येत नाही, ते कृपा करून कुणी करू नका, त्याने राखणदारच काढून टाकल्यासारखं होतं, पुढची गळती थेट फर्निचरमध्ये आणि खालच्या फ्लॅटच्या छतात जाते.

आमची गोष्ट इथे संपली नाही. मशीन परत भिंतीला लावलं आणि तिसऱ्या दिवशी ई२४. आता मी घाबरले नाही, कारण मुलीने कोडच्या अर्थांचा फोटो पाठवला होता, ई२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये. मशीन मागे ढकलताना ड्रेनची नळी दुमडली होती, ती सरळ केली. तरी गेलं नाही. मग आतला फिल्टर काढला, टबच्या तळाला मध्यभागी असतो, फिरवून निघतो. आणि त्यात जे बघितलं ते सगळ्या मराठी घरांना सांगण्यासारखं आहे. मोदकाच्या उकडीची भांडी आम्ही तशीच लावली होती. उकडीचं पीठ म्हणजे शिजलेली खळच, बारीक जाळीवर त्याचा चक्क पापुद्रा बसला होता, पाणी खाली उतरणार कुठून. गरम पाण्याने तो आणखी चिकटतो, थंड पाण्यात तासभर भिजवून मऊ ब्रशने सुटतो. फिल्टरखाली एक खड्डा असतो, तिथलं पाणी स्पंजने टिपलं, बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण होतं ते चमच्याच्या दांड्याने अलगद उचकटलं, आणि आत पंख्यात नारळाच्या करवंटीची नखाएवढी कपची अडकलेली. खोबरं खवताना उडालेली असणार. ती चिमट्याने काढली. पंखा बोटाने फिरवून बघितला, तो थबकत थबकत फिरतो, आतल्या लोहचुंबकामुळे, ते बरोबरच असतं. बोट घालायच्या आधी प्लग काढलेला असला पाहिजे आणि हातात जाड मोजे असले पाहिजेत कारण तिथे बऱ्याचदा फुटलेल्या ग्लासची काच निघते. झाकण परत टक आवाज होईपर्यंत बसवलं. ई२४ गेला.

माझ्या जावेच्या मशीनवर याच गोष्टीला ओई दिसतं, भावजयीच्या मशीनवर ५सी. म्हणजे पाणी जात नाही ही एकच तक्रार आणि तीन घरांत तीन खुणा. गॅसचा सिलिंडर, विजेचा प्लग यांना जसं एक ठरलेलं माप असतं तसं कोडचंही एक असायला काय हरकत आहे हे मला खरंच समजत नाही. निदान तोवर प्रत्येकाने आपापल्या कोडचा अर्थ तरी सांगावा.

पाण्याचंही लिहायला हवं कारण आमच्यासारख्या पुण्याच्या कडेच्या भागात निम्म्या तक्रारी पाण्यातूनच येतात. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, पण इथे वाघोलीकडे आमच्या सोसायटीला बोअर आणि टँकर. टँकरच्या पाण्याबरोबर बारीक वाळू येते आणि मशीनला पाणी देणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक चिमुकली जाळी असते ती बुजते, मग मशीन पाणी येत नाही म्हणून थांबतं, आमच्याकडे त्याला ई१८ म्हणतात. नळ बंद करून नळी सोडवायची, जाळी पकडीने ओढून दातांच्या ब्रशने धुवायची, इतकंच. पण काही मशीनच्या नळीच्या टोकाला प्लास्टिकचा मोठा डबा असतो, त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, तो डबा कापायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर आधी दाबच तपासावा. दहा मीटर उंचीवरच्या टाकीने साधारण एक बार दाब मिळतो, टाकी तुमच्या नळापासून तीनच मीटर वर असेल तर पाव-तीन दशांश बारच्या आसपास मिळतो, आणि बऱ्याच मशीनना अर्धा बार तरी लागतो. अशा घरात कितीही व्हॉल्व्ह बदला, कोड येतच राहणार, तिथे छोटा प्रेशर पंप लागतो. हे विकताना सांगायला नको का?

जड पाण्यासाठी मशीनमध्ये मीठ घालायचा वेगळा कप्पा असतो, तो चवीसाठी नाही तर पाणी मऊ करणारी जी राळ आत असते ती धुऊन पुन्हा कामाला लावण्यासाठी असतो. त्यात खास जाडं मीठ लागतं, घरचं बारीक आयोडीनचं मीठ चालत नाही, त्यात ते मोकळं राहावं म्हणून काही पदार्थ मिसळलेले असतात आणि बारीक दाणे गच्च बसतात. मीठ भरल्यावर झाकण घट्ट लावून लगेच एकदा मशीन फिरवायचं, सांडलेल्या मिठाच्या पाण्याने स्टीललाही गंज धरतो. हे सगळं आम्हाला चार वर्षांनी कळलं.

आणि कुठे थांबायचं तेही. मशीन लावल्यावर एमसीबी किंवा ईएलसीबी, म्हणजे बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडत असेल, जळका वास येत असेल, दाराला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर काहीही उघडायचं नाही, मेन बंद करून इलेक्ट्रिशियन. आत पाणी तापवायचा हीटर दोन हजार वॉटच्या आसपास असतो, त्याला सोळा अँपिअरचा अर्थिंग असलेला प्लग लागतो, एक्स्टेन्शन बोर्डवर हे मशीन कधीच लावू नये. मी काही सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं म्हणत नाहीये. घरच्या माणसाने करायचं काय आणि मेकॅनिकने करायचं काय यातली रेघ कुठे आहे ती कंपनीने आखून द्यावी, मराठीत, एवढंच म्हणतेय.

मुलीने सांगितलं म्हणून मी थोडं वाचलं. युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२१ पासून डिशवॉशरसाठी नियम लागू आहेत. दाराचं सील, फवाऱ्याचे हात, फिल्टर, जाळ्या असे साधे पार्ट ग्राहकाला स्वतःला मॉडेल बंद झाल्यानंतरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत, आणि पुस्तकात कोडचा अर्थ काय, ग्राहकाने काय करायचं आणि कुठल्या कोडला तंत्रज्ञ लागतो हे लिहिलं पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं, त्यात शेतीची यंत्रं, मोबाईल, गाड्या आणि घरगुती उपकरणं अशी चार क्षेत्रं घेतली. चांगली सुरुवात आहे, मी मनापासून म्हणते. पण पोर्टलवर जाऊन इंग्रजीत पीडीएफ शोधणं ताईंना जमणार नाही आणि माझ्या सासूबाईंनाही नाही, आणि मशीन बंद पडतं तेव्हा घरात बऱ्याचदा त्या दोघीच असतात. ज्यांना अंदाजपत्रक अवाच्या सवा वाटतं त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करावा, तिथे मराठीत बोलता येतं.

माझी मागणी मोठी नाही. इथे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या दाराच्या आतल्या कडेला हाताच्या पंजाएवढा स्टिकर लावा, त्यावर नेहमीचे सहा-सात कोड, त्यांचा मराठीत अर्थ, आणि पहिली गोष्ट काय करायची ती. आज टीव्हीपासून गिझरपर्यंत कितीतरी उपकरणांवर विजेच्या बचतीचे तारे चिकटवता येतात, जाहिराती झोकात मराठीत करता येतात, तर एवढं नक्की जमेल.

तोवर मी आमच्यापुरतं केलंय. ओट्याखालच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात: ई१५, तळाला पाणी, नळ बंद, प्लग काढा. ई२४, पाणी जात नाही, नळी आणि फिल्टर बघा. ई१८, पाणी येत नाही, नळ आणि जाळी बघा. खाली ताईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातलीय, उकडीची भांडी आधी हाताने खरवडून लावा. त्याचा फोटो आमच्या विंगमधल्या नऊ घरांनी मागून नेला. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला एका घरगुती यंत्राचे असे कोड मराठीत छापता आले तर बघा, वॉशिंग मशीन आणि गिझरपासून सुरुवात केलीत तरी चालेल, वाचक आपापल्या घरचे कोड पाठवतील, आमच्या विंगमधले मी गोळा करून देते.

आपली नियमित वाचक,
वाघोली, पुणे